बोर्ड उतरेपर्यंत

ज्या सकाळी मी कोल्हापूर सोडलं, त्या सकाळी आमच्या गल्लीच्या चौकात मी दोन ठिकाणी होते. एक मी टेम्पो ट्रॅव्हलरच्या दाराशी उभी होते, तळहातावर दही-साखर घेऊन. दुसरी मी वर होते, विजेच्या दोन खांबांच्या मधे बांधलेली, खाटेपेक्षा मोठ्या फ्लेक्सवर. वरचीचा रंग उजळ केला होता, कपाळावरची पुटकुळी पुसली होती आणि ती जराशी हसत होती. मी त्या फोटोत हसले नव्हते. तो व्हिसासाठी काढलेला फोटो होता आणि व्हिसाच्या फोटोत हसायचं नसतं. ओठांचे कोपरे नंतर कुणीतरी कॉम्प्युटरवर वर ओढले होते.

'कोल्हापूरची लेक निघाली सातासमुद्रापार! कु. अमृता हिची न्यूझीलंड येथे उच्च शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' माझ्या मागं ते शिंपल्यांसारखं पांढरं नाट्यगृह होतं आणि कोपऱ्यात एक कांगारू. दोन्ही ऑस्ट्रेलियात असतात. खाली शुभेच्छुक म्हणून आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांचे गोल गोल फोटो, बहुतेकांच्या डोळ्यांवर गॉगल. त्यांतल्या निम्म्यांशी मी जन्मात एक शब्द बोलले नव्हते.

"कसा झालाय बोर्ड?" विजूदादानं विचारलं. तो तालमीचा अध्यक्ष, आमच्या समोरच राहतो.

"छान."

"कांगारू मीच टाकायला लावला. त्येबिगर फॉरेन वाटंना."

"छान आहे," मी परत म्हणाले.

आमच्याकडं फ्लेक्सला बोर्ड म्हणतात. वाढदिवसाला बोर्ड, नोकरी लागली की बोर्ड, शर्यतीत बैल पहिला आला की बैलाचा बोर्ड. बाहेरच्यांना हे हसण्यासारखं वाटतं, आणि मलाही वाटायचं, माझा लागेपर्यंत. बोर्ड लागणं म्हणजे गल्लीनं तुम्हाला मोजलं. पप्पा एका पतसंस्थेत नोकरी करतात. इतक्या वर्षांत त्यांचं नाव चौकात कधी लागलं नव्हतं. त्या सकाळी ते पावसाच्या भुरभुरीत विनाकारण चार वेळा चौकातून फिरून आले.

पोरांनी फटाक्यांची लड लावली. ती दमट झाली होती. चार-दोन वाजले आणि बाकीचे फुसफुसून विझले. समोरच्या काकू, म्हणजे विजूदादाच्या आई, मला न्याहाळत म्हणाल्या, "बोर्डावर गोरी दिसतीयास की गं अमू! तिकडं ऱ्हायलीस की तशीच व्हशील बघ." सगळे हसले. आईनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "येतो म्हण. जातो म्हणू नगंस." आमच्याकडं मुलीही येतोच म्हणतात.

"येतो," मी म्हणाले. गाडी लिंबावरून गेली.

मुंबईच्या विमानतळावर पोचवायला अख्खी गाडी भरून माणसं आली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना विमानतळ बघायचा होता. दारात कळलं की तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. पप्पांनी बंदूकधारी जवानाच्या खांद्यावर हात ठेवला. "पावणं, जरा आत सोडा की. पोरगी लाजाळू हाय, बोलत न्हाय कुणाशी." तो जवान कुठला होता कुणास ठाऊक, त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं खांद्यावरचा हात बाजूला केला. पप्पांचा हात क्षणभर हवेत तसाच राहिला. मग तो त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला, जणू पहिल्यापासून तिथंच ठेवायचा होता.

मी आत गेले. मागं वळून पाहिलं तर काचेत माझंच प्रतिबिंब होतं, त्यामागं ते असतील.

*

जायचं कुणी ठरवलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी ठरवलं नव्हतं एवढं नक्की. मी फूड टेक्नॉलॉजी शिकले होते आणि एका दूध संघाच्या लॅबमध्ये नोकरीला होते. सकाळी गावोगावच्या दुधाची सॅम्पलं यायची, मी फॅट काढायची, भेसळ बघायची, आकडे लिहायची. दिवसभरात कुणाशी फार बोलावं लागत नसे. स्कूटीवरून पंधरा मिनिटांत घर. मला ते काम आवडत होतं. ते आवडतं असं मी घरी म्हटलंही असेन, पण आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकू जात नाही.

"इंग्लिश मीडियमला घातलं ते दूध मोजायला व्हय?" असं पप्पा म्हणायचे. रागानं नाही, खरंच कोडं पडल्यासारखं. त्यांच्या दृष्टीनं ते गणित सरळ होतं. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. सुट्टीत गावी गेले की चुलत भावंडं माझ्या मराठीला हसायची, "मॅडम आल्या." ज्या पोरीला दोन्हीकडं असं उभं केलं, तिला शेवटी बाहेरच जायचं असणार. पतसंस्थेतल्या कुणाचा तरी मुलगा जर्मनीला गेला आणि मग माझे कागद सुरू झाले. प्रत्येक कागदावर सही माझीच आहे. मी गप्प होते, आणि आमच्याकडं गप्प राहणं म्हणजे हो.

एकाच माणसानं विचारलं. निघायच्या आदल्या दिवशी मी मुरगूडजवळ आमच्या गावी गेले होते, आण्णांना भेटायला. आण्णा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. शेती आणि म्हशी तेच बघतात. ते गोठ्यात धार काढत होते. मी माझे नवे पांढरे बूट घालून शेणातून वाट काढत त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. गोठ्याचं छप्पर एका बाजूनं गळत होतं आणि पाणी नेमकं एका म्हशीच्या पाठीवर पडत होतं. ती कातडी थरथरवायची आणि परत उभी राहायची.

आण्णा चरवीकडं बघतच म्हणाले, "जायचं न्हाय काय तुला?"

मी बुटाचं शेण वैरणीवर पुसायला लागले.

"तसं असलं तर आत्ता बोल. मी सांगतो बाळूला. शिव्या खाईन, पर सांगतो." बाळू म्हणजे पप्पा. "आत्ता बोलली न्हाईस तर इमानात बसून कुणाला सांगणार? पायलटला?"

मी तोंड उघडलं होतं. हे मला स्पष्ट आठवतं, कारण दुधाचा वास तोंडात आला. पण त्याच सकाळी चौकात बोर्ड चढला होता आणि पप्पांनी बोर्डाखाली उभं राहून काढलेला फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला होता. त्या फोटोत ते असे उभे होते, जसे त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाहीत.

"तसं काही नाही, आण्णा," मी म्हणाले. "जायचंय मला."

"मग ग्वाड हाय," ते म्हणाले आणि दुसऱ्या म्हशीखाली जाऊन बसले.

*

विमानात मला मधली सीट मिळाली. कडेला एक आडदांड गृहस्थ होते, बसल्या बसल्या झोपले. मला बाथरूमला जायचं होतं. 'एक्सक्यूज मी' हे शब्द मला बालवाडीपासून येतात; बाईंनी ते पहिल्याच आठवड्यात शिकवले होते. पण झोपलेल्या परक्या माणसाला हलवून ते म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं. मी समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत राहिले. बंगालचा उपसागर संपेपर्यंत मी तशीच बसून होते.

घरी असते तर आईनं त्याला हलवलं असतं. "ओ पावणं, उठा की जरा!" मला तिची किती लाज वाटायची. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत ती माझ्या वतीनं मोठ्यानं बोलायची आणि मी दुसरीकडं बघायची. आता मी दुसरीकडं बघत होते आणि बोलणारं कुणी नव्हतं.

सिंगापूरला विमान बदलायचं होतं. तिथं एवढा मोठा गालिचा होता की पावलांचा आवाजच होत नव्हता. मी एका खांबाला टेकून खाली बसले आणि आईनं दिलेलं भडंग काढलं. लसणाचा वास सुटला. शेजारची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली. कदाचित तिची वेळ झाली असेल. मी पिशवीची गाठ बांधली. थोड्या वेळानं सोडली आणि सगळं संपवलं, भराभर, चव न घेता. ते पुढं नेता येणार नाही असं वाटलं होतं म्हणून, आणि राग आला होता म्हणूनही. कुणाचा, ते ठरवता आलं नाही.

दुसऱ्या विमानात एक कार्ड भरायला दिलं. कुठले पदार्थ आणलेत, बी-बियाणं आहे का, गेल्या महिन्याभरात जनावरं असलेल्या शेतावर गेला होता का. पप्पांनी निघताना बजावलं होतं, "कायबी इचारलं तरी न्हाय म्हणायचं." मी पेन घेऊन बराच वेळ त्या ओळीवर थांबले. मग 'हो'वर खूण केली. धाडस नव्हतं ते. खोटं बोलायचं तर नंतर जास्त बोलावं लागतं, एवढंच.

त्या खुणेमुळं ऑकलंडला मला वेगळ्या रांगेत पाठवलं. टेबलामागं एक उंच, धिप्पाड बाई होती. तिच्या दोन्ही हातांवर निळं-काळं गोंदण होतं, मनगटापासून वर गेलेलं. ती माझ्याशी इंग्रजीत बोलली आणि मला काही कळलं नाही. तिनं परत सांगितलं. सगळी शाळा इंग्रजीत शिकून, ती भाषा माझ्यासमोरून ओळख न देता निघून गेली. तिसऱ्या वेळी तिनं माझ्या पायांकडं बोट केलं आणि हळू म्हणाली, "शूज."

मी बूट काढून दिले. तळव्याच्या खाचांत आमच्या गोठ्यातलं शेण होतं, वाळून हिरवट-काळं झालेलं. त्यात वैरणीची एक काडीही अडकली होती. तिनं हातमोजे घातले, बूट उलटे केले आणि विचारलं, हे शेत कुणाचं?

"अवर्स," मी म्हणाले. आमचं.

तिनं मान डोलावली आणि बूट आत घेऊन गेली. मी मोज्यांवर उभी राहिले. फरशी थंड होती. परत आली तेव्हा बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, दुकानातून आणले तेव्हाही नव्हते इतके स्वच्छ, औषधाचा वास येणारे. तिनं ते दोन्ही हातांनी दिले आणि हसली. तिचा राग यावा असं तिनं काहीच केलं नव्हतं. कुणी माझ्यावर ओरडलं नाही, कुणी हुज्जत घातली नाही, माझी बाजू मांडायला कुणाला पुढं व्हावं लागलं नाही. मला वाटलं होतं, मला असाच देश हवा आहे. मी बाजूच्या खुर्चीत बसून ओल्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि मला रडू आलं. तिनं एक कागदी रुमाल टेबलावर सरकवला आणि दुसरीकडं बघितलं. अगदी मी बघायची तसं.

*

पुढची बस हॅमिल्टनला, माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावी, जाणारी होती. खिडकीतून दोन्ही बाजूंना गवत, आणि गवतात गाई. मैलोगणती गाई आणि माणूस एकही नाही. कुणी हाकत नाही, कुणी वैरण टाकत नाही, कुणी कासरा धरून उभा नाही. प्रत्येकीच्या कानात पिवळा बिल्ला. आमच्या म्हशींची नावं आठवली. आण्णा त्यांना शिव्याही नाव घेऊन देतात.

मी राहायला गेले ते लाकडी घर आतून बाहेरच्यापेक्षा थंड होतं. माझ्याखेरीज तिथं तिघी राहायच्या, तीन देशांच्या. प्रत्येकीचं दूध वेगळं, बाटलीवर नाव लिहिलेलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी चालायला बाहेर पडले. सगळ्या घरांत दिवे होते आणि रस्त्यावर कुणी नव्हतं. एक माणूस कुत्रा घेऊन आला. त्यानं "लव्हली इव्हनिंग" म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. थंडीनं नाक गळत होतं. मी वळून त्याला काहीतरी म्हणणार होते, पण तो लांब गेला होता.

जन्मभर मला वाटत होतं की मला शांतता हवी आहे. आमच्या गल्लीत पहाटे तालमीत शड्डू वाजायचे, मग दूधवाला, मग समोरच्या काकूंचा टीव्ही, मग कुणाच्या तरी विजयाची मिरवणूक. मी खोलीचं दार लावून घ्यायची. आई बाहेरून म्हणायची, "बसली बघा मौनात." त्यात थोडा अभिमानही असायचा. घरात एक गप्प मुलगी असणं हे सगळ्यांना माहीत होतं, माझी ती जागा होती. हॅमिल्टनला मी तशीच गप्प होते आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. गप्प राहायलासुद्धा भोवती बोलणारी माणसं लागतात. नाहीतर तुम्ही गप्प नसता, तुम्ही नुसत्या नसता.

दुसऱ्या आठवड्यात मी पप्पांना फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ मागितलं.

"पप्पा, मला परत यायचंय."

पलीकडं टीव्हीचा आवाज कमी झाला. "आजारी हायस काय?"

"नाही."

"कोण काय बोललं?"

"कुणी काही बोलत नाही."

"मग?"

मला तेच सांगायचं होतं, की कुणी काही बोलत नाही. ते त्यांना कारण वाटलं नाही. मग अगदी मऊ आवाजात, मी लहानपणी पडले की बोलायचे तसं बोलले.

"अमू, चौकात तुझा बोर्ड हाय अजून. त्यो उतरू दे तरी. बोर्डाखालनं बॅग घिऊन आलीस तर कसं दिसंल? मला त्याच चौकातनं कामाला जायचं असतंय, बाळा."

मागून आईचा आवाज आला, "काय म्हणतीया?"

"काय न्हाय," पप्पा तिला म्हणाले. "थंडी हाय म्हणतीया."

मला वाटतं माझ्यासारखे बरेच जण असतील, वेगवेगळ्या गावांतून निघालेले, वेगवेगळ्या देशांत कुठल्या तरी खोलीत हीटरला पाय लावून बसलेले, ज्यांच्या घरी कुणीतरी असंच 'थंडी आहे म्हणते' असं सांगितलं आहे. तुमचा बोर्ड कदाचित फ्लेक्सचा नसेल. मी माझ्यापुरतं सांगते. मी बोर्ड उतरायची वाट बघायला लागले. वर्गातून आले की मोजे वाळत घालताना तिकडं आत्ता सकाळ आहे, चौकात माझा चेहरा आहे, असं मनात यायचं. गणपतीला तालमीचा मांडव पडतो, तेव्हा सगळे जुने बोर्ड काढतात हे मला ठाऊक होतं. व्हिडिओ कॉलवर आईला म्हणायची, चौक दाखव. तिला वाटायचं, बोर्ड बघून मला बरं वाटतंय. ती फोन घेऊन कौतुकानं जायची. पावसानं कांगारू फिकट झाला होता. मी तशीच होते.

गणपतीच्या आठवड्यात बोर्ड उतरला. मी त्याच दिवशी फोन केला.

"आता दिवाळी हाय तोंडावर," पप्पा म्हणाले. "दिवाळीला पावणं यायचं घरी. काय सांगू त्यास्नी?"

दिवाळीनंतर पहिलं सेमिस्टर संपत होतं, तेवढं टाकून कोण येतं. मग एक वर्ष झालंच आहे तर डिग्री घेऊन ये. मग डिग्री घेतलीस तर दोन वर्षं नोकरी कर, लोक काय म्हणतील, नोकरी मिळाली नाही म्हणून आली. आईनं एकदा मधे फोन घेतला आणि हळूच विचारलं, "लईच नको वाटतंय काय गं?" मी म्हणाले, "नाही गं, आता बरं आहे." ती सुटल्यासारखी "बरं" म्हणाली. तिच्याही अंगावरचं ओझं मीच उतरवलं. त्यानंतर मी मागायचं सोडलं.

नोकरी मिळाली. दूध पावडरच्या कारखान्यात, लॅबमध्ये. टँकरची सॅम्पलं येतात, मी फॅट काढते, भेसळ बघते, आकडे लिहिते.

*

तिकडं मे अखेर हिवाळा लागतो, गाई आटतात आणि कारखाना थंडावतो. तिसऱ्या वर्षी तेव्हा मला रजा मिळाली आणि मी पहिल्यांदा घरी आले. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. पप्पांनी माझी मोठी बॅग गल्लीच्या टोकापासून स्वतः ओढत आणली. तिला चाकं होती आणि ती मुद्दाम खडखडवत आणली. समोरच्या काकूंनी खिडकीतूनच विचारलं, "कवा आलीस? कवा जाणार?" एका श्वासात. नंतर बघितलं तर सगळे तसंच विचारत होते. रागानं नाही, प्रेमानंच. माझ्या खोलीत पप्पांनी शिलाई मशीन आणि धान्याचे डबे ठेवले होते. आई घाईनं म्हणाली, "तुझ्यासाठनं काढतो की." मी म्हणाले, राहू दे.

एकदा जेवताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पप्पा, मी इथंच राहिले तर?"

"ऱ्हा की!" ते मनापासून म्हणाले. "कोण नगं म्हणतंय? घर तुझंच हाय." मग रस्सा ओरपून त्यांनी विचारलं, "तिकीट कवाचं हाय?"

दुसऱ्या दिवशी मी गावी गेले. गोठा लांबूनच दिसला आणि मी थांबले. छपराच्या गळणाऱ्या बाजूवर मी होते. दगड आणि जुने टायर ठेवून पसरलेली, पालथी नव्हे, उताणी, आभाळाकडं तोंड करून. रंग बराच उडाला होता. नाट्यगृह आणि कांगारू गेले होते, शुभेच्छुकांचे गॉगल तेवढे काळे ठिपके राहिले होते. एका डोळ्याच्या जागी टायर होता. ओढलेलं हसू शाबूत होतं.

आण्णा बाहेर आले. केस पांढरे झाले होते. "काय गं, बघाय लागलीस? तुझाच हाय की त्यो. गणपतीत पोरं काढाय लागली तवा मी मागून आणला. दोन पावसाळं काढलं बघ, थेंब न्हाय गळला. क्वालिटी हाय."

मी आत गेले. ती म्हैस तिथंच होती, कोरड्या पाठीची, रवंथ करत. आण्णांनी माझ्यासाठी पोतं टाकलं आणि दोघं बसलो. त्यांनी वैरणीची एक काडी उचलून दातात धरली. मग म्हणाले, "तवा तुला इचारलं हुतं मी. जायचं न्हाय काय म्हणून."

"हो."

"जायचं नव्हतंच न्हवं तुला?"

"नव्हतं."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"बोर्ड लागला होता, आण्णा."

त्यांना आधी कळलं नाही. मग त्यांनी वर बघितलं. खालून फ्लेक्सची पांढरी पाठ दिसत होती, दोन वाशांच्या मधे थोडी लोंबलेली.

"ह्यो?"

मी मान हलवली.

ते हसतील असं वाटलं होतं. आण्णा कशालाही हसतात. त्यांनी हात वर करून त्या लोंबलेल्या भागाला बोटानं टोचलं. वर साचलेलं थोडं पाणी सळसळत कडेनं खाली आलं.

"एवढ्या कापडापायी?" ते म्हणाले. "बाळूला मी फोडून काढला असता गं. एक शब्द बोलायचास." मग थोड्या वेळानं, "काढू काय खाली?"

मी म्हशीकडं बघितलं. "नको," मी म्हणाले. "ती भिजेल."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि ते उठून वैरण टाकायला गेले. त्यांच्याकडून मला काही ऐकायचं होतं. काय, ते मलाही माहीत नाही. पण जे बोलायचं ते त्यांचं एकदा बोलून झालं होतं, आणि त्याचं उत्तर मी दिलं होतं.

निघताना आई परत म्हणाली, "येतो म्हण." मी म्हणाले. या वेळी टेम्पो ट्रॅव्हलर नव्हता, फटाके नव्हते, चौकात दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस लागला होता. पप्पा स्टँडवर पोचवायला आले. बस सुटताना त्यांनी खिडकीच्या काचेवर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. स्टँडवरच्या गोंगाटात ऐकू आलं नाही. परत विचारावं इतक्यात बस वळली.

विमानात मला कडेची सीट मिळाली होती. रात्री मधे बसलेल्या मुलीनं दोनदा माझ्याकडं बघितलं आणि दोनदा मान खाली घातली. मी उठून उभी राहिले आणि तिला वाट दिली. तिनं थँक्यू म्हटलं नाही, तिला जमलं नसेल.

ऑकलंडला मी कार्डावर परत 'हो'वर खूण केली होती. बूट आईनं धुऊन देते म्हटलं होतं, मी धुऊ दिले नव्हते. टेबलामागं आता एक तरुण मुलगा होता. त्यानं बूट उलटे केले, खाचांतलं शेण बघितलं आणि तेच विचारलं. हे शेत कुणाचं?

"माझ्या काकांचं," मी म्हणाले.

त्यानं लिहून घेतलं आणि बूट आत नेले. परत आले तेव्हा मी खुर्चीवर बसून ते घातले. आतून अजून ओले होते. तसेच घालून मी बसकडं गेले.